काचेच्या डाव्या कडेला

परवा लॅबच्या नव्या डॉक्टर मॅडमनी खालचा ड्रॉवर साफ करायला घेतला. नखाएवढा एक मेणाचा तुकडा चिमटीत धरून मला म्हणाल्या, "ताई, ह्याच्यावर नंबर नाही, नाव नाही. फेकून देऊ ना?" मी म्हटलं, "फेकून तर पाहा." पगार देणाऱ्या बाईला असं बोलू नये, हे मला कळतं. पण माझं तोंड आधी चालतं, अक्कल मागून येते. मग चहा टाकला, त्यांच्यासमोर कप ठेवला आणि सांगितलं की मॅडम, तो तुकडा म्हणजे आमचे सर आहेत. त्या हसल्या. त्यांना वाटलं, ताईंचं काहीतरी.

मेहकरात स्टँडमागच्या गल्लीत, बी-बियाण्यांच्या दुकानावरच्या मजल्यावर आमची लॅब. रक्त-लघवी तपासणाऱ्या लॅब गावात ढीगभर आहेत. आमच्याकडे येतात त्या गाठी. सर्जननी काढलेला तुकडा बाटलीत येतो, तो मेणात बसवायचा, त्याचे कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढून काचेवर घ्यायचे, रंगवायचे. मग डॉक्टर मायक्रोस्कोपात पाहून सांगतात, गाठ साधी की कॅन्सरची. कापणं आणि रंगवणं माझं काम. पाहणं सरांचं. पाहताना ते एक डोळा मिटायचे, आणि ती सवय इतकी हाडात मुरली होती की चहा पितानासुद्धा एक डोळा मिटलेलाच असायचा. नवीन माणसाला वाटायचं, डॉक्टर डोळा मारून राह्यला.

सरांचं नाव गावात कोणाला ठाऊक नव्हतं. खाली दुकानात कोणी पत्ता विचारला की उत्तर ठरलेलं, "कुकरवाले डॉक्टर काय? जा वरतं."

त्या कुकरची गोष्ट अशी. सरांकडे एक बाटली असायची, करंगळीच्या पेराएवढी. नागपुराहून बर्फात बसून यायची. मोठ्या शहरातल्या लॅबांत असल्या शंभर बाटल्या असतात, आमच्याकडे एकच. आपल्या शरीरात काही स्नायू आपल्याला न विचारता काम करतात. आतड्याचे, गर्भपिशवीचे, रक्तवाहिन्यांच्या भिंतीतले. त्यांच्यात ॲक्टिन नावाचं एक प्रथिन असतं. बाटलीतलं अँटिबॉडी काचेवरच्या कापावर टाकलं की ते जाऊन बरोबर त्याच प्रथिनाला चिकटतं, आणि पुढचे दोन रंग दिले की तेवढी जागा तपकिरी होते. बाकी सगळं निळं. हे नीट व्हावं म्हणून काच आधी कुकरमध्ये उकळावी लागे. शिट्टी झाली की खालचा दुकानदार ओरडायचा, "सायेब, आज वरन का खिचडी?" सर खिडकीतून तितक्याच गंभीरपणे सांगायचे, "आज देऊळगावची गाठ."

बाटलीवर 'मोनोक्लोनल' लिहिलेलं असे. पहिल्याच आठवड्यात मी विचारलं, सर हे काय? ते म्हणाले, "तुह्या गल्लीत कुत्रे हायेत?"

"हायेत ना."

"एक कुत्रं असते, जो बिस्कूट देईन त्याच्या मांगं जाते. दुसरं असते, ते एकाच मानसाले ओळखते. त्याले भरल्या बजारात सोड. हजार मानसं सोडून ते त्याच्याच पायापाशी जाऊन बसते. हे दुसरं." मग म्हणाले, "असं कुत्रं पाळाले पायजे होतं मी."

पण बाटलीवर विश्वास ठेवायचा नाही, हा त्यांचा पहिला नियम. प्रत्येक काचेवर उजवीकडे पेशंटचा काप, आणि डाव्या कडेला एक माहितीतला काप, ज्याच्यात तो स्नायू नक्की आहे. डावा तपकिरी झाला तरच उजव्याचं खरं मानायचं. ह्यासाठी सर अपेंडिक्स वापरायचे, त्याच्या भिंतीत तो स्नायू भरपूर असतो. मी सहज विचारलं, कोणाचं हो हे? म्हणाले, "माहं."

माय वं! मला वाटलं, थट्टा करतात. पण खरं होतं. शहरात कॉलेजात शिकत असताना पोटात दुखायला लागलं, एकटेच दवाखान्यात गेले, ऑपरेशन झालं. निघताना त्यांनी आपलं अपेंडिक्स बाटलीत मागून घेतलं. मी म्हटलं, "काहाले?" तर म्हणाले, "मले घरी न्याले कोनी आलं नोतं. मंग म्या त्याले नेलं." मी पोट धरून हसले. संध्याकाळी घरी भाकरी थापताना ते पुन्हा आठवलं, तेव्हा मात्र हसू आलं नाही.

तर असे आमचे सर. गावोगावच्या बायामाणसांच्या शेजारी, काचेच्या डाव्या कडेला, स्वतःला बसवत होते. पेशंटशी मात्र एक शब्द बोलायचे नाहीत. कोणी जिन्यात आडवं आलं तर भिंतीला चिकटून उभे राहायचे. "पेढे सर्जनले, नारळ देवाले," म्हणायचे, "रिपोर्टाखालच्या सहीले कोन विचारते?" बोलताना हसायचे, पण मी काही दूधखुळी नव्हते. त्यांना लागायचं ते.

आणि एक रकाना होता आमच्या फॉर्मवर, जो मी दुसऱ्या कुठल्याच लॅबच्या फॉर्मवर पाहिला नाही. 'सोबत आलेल्याचे नाव'. तो रिकामा असला तर सर पेशंटची बाटली घ्यायचे नाहीत. एकदा एक माणूस म्हणाला, "मी एकटाच आलो जी." सरांनी आतून मला सांगितलं, "त्याले विचार, एस्टीत बाजूले कोन बसलं होतं?" तो म्हणाला, लोणारची एक म्हातारी होती. नाव नाही माहीत. सर म्हणाले, "मंग 'म्हातारी' लिही." आणि लिहिलं मी! त्या माणसाचा रिपोर्ट चांगला निघाला. त्या म्हातारीला बिचारीला पत्ताही नसेल.

सर मूळचे नांदुऱ्याचे. तिथं भाऊ, भावजय, पुतणे, सगळं होतं. दिवाळीला सकाळच्या बसनं जायचे आणि त्याच दिवशी परत. एका वर्षी मी म्हटलं, "काऊन सर, राह्यले नाही?" म्हणाले, "सगळे आपापल्यात हायेत. मी बसलो की त्याइले बोलाचं सुचत नाई." लॅबच्या मागच्या खोलीत राहायचे. एक खाट, एक कंदील लाइट गेल्यावरचा, आणि दुसरा कुकर, वरणाचा. दोन्ही कुकर एकसारखे असल्यामुळे लॅबच्या कुकरला मी लाल नेलपॉलिशनं फुली मारून ठेवली होती.

आता माझी चूक सांगते. सांगायला पाहिजे.

एका उन्हाळ्यात वादळानं विजेचे खांब पडले, दोन दिवस लाइट नाही. बाटली फ्रीजच्या दारात असायची. मला वाटलं, खराब होईल. मी शहाणीनं ती वरच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवली, बाजारातून बर्फाची लादी आणून भोवती लावली. लाइट आली, मी विसरले, बाटली गोठली. दुसऱ्या दिवशी मुठीत धरून वितळवली. दिसायला आधी होती तशीच, पाण्यासारखी. मला वाटलं, झालं. कोणाला कशाला सांगायचं?

त्याच आठवड्यात साखरखेर्ड्याच्या एका बाईची गाठ आली. भाजीपाला पिकवणाऱ्या घरातली बाई, स्तनात गाठ, सुईनं काढलेला शेवईएवढा तुकडा. साध्या रंगात सरांना उलगडा होईना. अशी एक गाठ असते, साधी असून कॅन्सरचं सोंग घेते. मग ओळखायचं कसं? सर म्हणायचे, कुंपण पाहा. दुधाच्या प्रत्येक नळीभोवती त्या ॲक्टिनवाल्या पेशींचं कुंपण असतं. कुंपण शाबूत तर गाठ साधी. कुंपण नाही तर कॅन्सर बाहेर पडला.

मी काच लावली. पण डाव्या कडेला सरांचा काप घेतला नाही. त्यांच्या अपेंडिक्सचा शेवटचाच ब्लॉक, म्हणजे मेणात बसवलेला तुकडा, उरला होता, आणि तो इतका झिजला होता की उजेडाला धरला तर पलीकडचं दिसायचं. दर काचेला सरांना कापायचं माझ्या जिवावर यायला लागलं होतं. म्हटलं, आज राहू दे. आज आराम करू दे त्यांना.

काच निळीच आली. कुंपण कुठंच नाही. सर खाली न्हाव्याकडे गेले होते. तेवढ्यात सर्जनांचा फोन आला, काय झालं त्या बाईचं? इतकी वर्षं काचा पाहून मला आपल्याला सगळं कळतं असं वाटायला लागलं होतं. मी सांगून टाकलं, "कुंपण कुठीच दिसत नाही सर." ते म्हणाले, ठीक आहे, सोमवारी स्तन काढू, मी घरच्यांना कळवतो. फोन ठेवला. सांगायचा मला काडीचा अधिकार नव्हता.

सर आले, मानेवरचे केस झटकत बसले, एक डोळा मिटला. बराच वेळ पाहिलं. मग काच सरकवत सरकवत डाव्या कडेपर्यंत नेली आणि थांबले.

"मी कुठी हाय?"

मी फडक्यानं टेबल पुसायला लागले.

"काऊन वं, मी कुठी हाय ह्याच्यात?"

"ब्लॉक संपत आला सर. म्हटलं, तेवढंच वाचवावं..."

"मले वाचवून काय लोणचं घालतं?" इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांचा आवाज चढला. "मी कामाले येतो म्हनून हाय. लाव परत. मले घेऊन लाव."

परत कुकर, परत शिट्टी, परत ते एक-एक थेंब टाकणं. दुसऱ्या दिवशी सकाळी काच तयार झाली, सरांनी पाहिलं आणि मलाही पाहायला लावलं. उजवीकडे निळं. डावीकडेही निळंच. भरल्या स्नायूची जागा, आणि तपकिरी ठिपका म्हणून नाही.

"पाह्य," सर हळूच म्हणाले. "मी असून दिसत नाई. तसंच त्या बाईचं कुंपणही असन अन् दिसत नसन."

तेव्हा मी रडत रडत सगळं ओकले. बर्फ, गोठलेली बाटली, आणि सर्जनांपुढं केलेला तो शहाणपणा. मला वाटलं, आता काढून टाकतील. सरांनी आधी सर्जनांना फोन केला, ऑपरेशन थांबवायला लावलं. मग त्या घरच्यांचा फोन लावून पाहिला, बंद. दोनदा, चारदा, बंद. मग ह्या माणसानं, जो जिन्यात पेशंट दिसला तर भिंतीला चिकटायचा, चपला घातल्या आणि म्हणाला, "चाल. साखरखेर्ड्याची गाडी कितीची हाय?"

गाडीत ते एकच वाक्य बोलले. "तुह्या हातून झालं असं तिथी सांगजो नको."

"काऊन? झालं तर माह्याच हातून."

"सही माही असते."

ती बाई अंगणात बसली होती. समोर चिंध्यांच्या लहान लहान पुरचुंड्या, आणि जवळ तिची जाऊ. बाई तिला बियाणं समजावून सांगत होती, "हे काटेरी वांगं, हे भरताचं. भरताचं जरा उशिरा टाकजो, नाहीतर कीड पडते. ही चवळी माह्या मायची हाय, हिले मोडू देजो नको." म्हणजे ही बाई आपल्यामागं कोण काय पेरेल ते लावून ठेवत होती.  माझ्या एका फोननं इथवर आणलं होतं तिला.

"तुमी कोन जी?" तिनं विचारलं.

सरांनी चपला काढल्या. मग म्हणाले, "मी... रिपोर्टाखाली सही असते ना, तो." आणि हात जोडले. "बाई, तुमाले जे सांगतलं ते खरं असन का खोटं, अजून ठरलं नाई. माह्याकडून तपासनी चुकली. मले चार दिवस द्या."

नवरा उसळला. "चुकली म्हंजे? कालपासून घरात चूल पेटली नाही, डॉक्टर! लेकरं रडून राह्यले!" सर खाली मान घालून उभे. मी तोंड उघडणार तोच त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं आणि मान हलवली. ती बाईच नवऱ्याला म्हणाली, "थांबा हो. चुकलं म्हनून सांगाले आला ना मानूस? कोन येते इतक्या दूर?" मग जावेला म्हणाली, "चहा ठेव वं."

चहा पिताना तिनं रीतीप्रमाणे विचारलं, "घरी कोन कोन हाय तुमच्या?" सरांनी इकडंतिकडं पाहिलं, माझ्याकडं बोट केलं. "ही येते. अन् कुकर हाय." बाई हसली. अंगावर असं संकट घेऊन बसलेली बाई हसली, म्हणून मग आम्हीही.

नवीन बाटली चौथ्या दिवशी आली. सरांनी काच पाहिली आणि खुर्चीवरून उठून मला जागा दिली. उजवीकडे एकेका नळीभोवती बारीक तपकिरी कडं, एकही सुटलेलं नाही. डावीकडे सर, गडद तपकिरी. "पाह्य," म्हणाले, "दोघंही दिसून राह्यलो." त्या बाईची गाठ साधी निघाली. ती अजून दर हंगामात भरताची वांगी पाठवते. सरांना ती भाजता यायची नाहीत. मी घरून भरीत करून आणायचे.

त्यानंतर दोन-तीन वर्षांनी माझी पिशवी काढली, गाठ झाली होती म्हणून. तपासायला बाटली अर्थात आमच्याच लॅबमध्ये आली. माझे काप सरांनी स्वतः काढले, वाकडेतिकडे, ते काम त्यांना कधी आलंच नाही. दवाखान्यात भेटायला मात्र आले नाहीत. माझ्या नवऱ्यानं पाहिलं, खाली झाडाखाली उभे होते. रिपोर्ट त्याच्या हातात देऊन निघून गेले. साधी गाठ. मी कामावर परत आल्यावर म्हटलं, "सर, पिशवीत तर भल्ला स्नायू असते. आता माहा ब्लॉक वापरा काचेले. तुमचा संपून राह्यला." ते चिडलेच. "काही गरज नाई. तुह्या घरी मानसं हायेत. हे माहं काम हाय." माझा ब्लॉक ड्रॉवरमध्ये पडून राहिला.

आणि मग एक दिवस सर दोन दिवस बाहेरगावी जाऊन आले. येताना गाठीच्या तुकड्याची बाटली स्वतःच घेऊन आले, फॉर्म स्वतःच्या अक्षरात. वरती स्वतःचं नाव. पोटातली गाठ. वाळले होते ते, मी रोज बघत होते, रोज म्हणत होते की डब्यातलं उरवू नका. सोबतचा रकाना रिकामा.

मी म्हटलं, "घेता येत नाही सर. नियम तुमचाच हाय."

"'कुकर' लिही."

मी नाही हसले. रकाना तसाच ठेवला आणि बाटली घेतली. साध्या रंगात लांबट पेशी, जुड्याच्या जुड्या. सरांनी पाहिलं आणि म्हणाले, "कुत्रं सोड." म्हणजे बाटली वापर.

मी काच समोर घेतली. उजवीकडे सर. आणि डाव्या कडेला लावायला हातात त्यांचाच ब्लॉक, अजून दोन-चार काप निघतील एवढा. म्हणजे इकडेही तेच आणि तिकडेही तेच. सगळ्या काचेवर दुसरं माणूस नाही. मी तिथंच, त्या कापायच्या मशीनपुढं बसून रडले. मग डोळे पुसले, त्यांचा ब्लॉक ड्रॉवरमध्ये ठेवून दिला आणि माझा काढला.

दुपारी सर पाहायला बसले. एक डोळा मिटला. उजवीकडची गाठ कडेपासून कडेपर्यंत तपकिरी झाली होती. मायक्रोस्कोप न लावताही कळत होतं. म्हणजे गाठ त्या स्नायूचीच, आणि पेशी पाहता कॅन्सरची. "गेलं बरोबर," सर म्हणाले. "बसलं पायापाशी."  मग सवयीनं काच सरकवत डाव्या कडेला नेली. हात थांबला.

"हा मी नाई."

"नाही."

"हे अपेंडिक्सच नाई. जाड स्नायू हाय हा. ही तर..."

"मी हाय ती," मी म्हटलं.

"तुले सांगतलं होतं म्या. तुह्या घरी मानसं हायेत."

"हायेत ना. त्यातले तुमी एक."

सरांनी डोळा बाजूला केला. दोन्ही डोळे उघडे ठेवून माझ्याकडे पाहत राहिले. मग कागद ओढला, स्वतःचा रिपोर्ट स्वतः लिहिला, एकही शब्द न खोडता, आणि खाली सही केली. मग तो फॉर्म पुढं घेतला. मला वाटलं, करतात आता काहीतरी थट्टा, 'म्हातारी' लिहितात. त्यांनी त्या रकान्यात माझं नाव लिहिलं. पूर्ण, नवऱ्याच्या नावासकट, आडनावासकट, सावकाश, शाळेतल्या पोरासारखं घोटून.

आणि फॉर्म माझ्यापुढं सरकवत म्हणाले, "घे. आता घेता येते ना?"